थोडे भात, थोडा भात

दिवाळी मागे पडली म्हणजे मावळातील खळी जागी होतात. लोणावळ्याच्या डोंगरातून निघून पूर्वेस वाहत जाणाऱ्या इंद्रायणीच्या दोन्ही तीरांवर, कार्ल्यापासून कामशेत-वडगावपर्यंत, पावसाळाभर पाण्यात उभे असलेले पीक कापून, झोडून, उफणून त्याच्या राशी घातल्या जातात. अशा दिवसांत हवापालटासाठी लोणावळ्यास आलेल्या पुण्यामुंबईच्या एखाद्या गृहिणीने फिरता फिरता एखाद्या शेतकऱ्याच्या दारी थांबून "थोडा भात मिळेल का?" असे विचारले, तर घरातील बाईचा समज काय होईल? पाहुण्यांना भूक लागली आहे, असाच होईल, आणि ती चुलीकडे वळेल. त्याच गृहिणीने "थोडे भात मिळेल का?" असे म्हटले असते, तर मात्र बाईची नजर चुलीकडे न जाता कणगीकडे गेली असती. आणि "थोडे तांदूळ मिळतील का?" असा प्रश्न असता, तर तिने भात कांडून किंवा गिरणीतून भरडून आणून ठेवलेल्या डब्याचे झाकण उघडले असते.

तीन प्रश्न, तीन वस्तू. आणि तिन्हींचे मूळ एकाच लोंबीत. मराठीत 'भात' हा शब्द टरफलासकटच्या दाण्यांसाठी योजला म्हणजे नपुंसकलिंगी असतो : भात पिकले, भात झोडले, भात कणगीत भरले. तोच शब्द शिजलेल्या अन्नासाठी योजला म्हणजे पुल्लिंगी होतो : भात शिजला, भात करपला, भात वाढला. मधल्या अवस्थेतील दाणा 'तांदूळ' या नावाने वावरतो आणि तो प्रायः अनेकवचनी असतो : तांदूळ निवडले, तांदूळ धुतले, तांदूळ संपले. हे सारे मराठी बोलणाऱ्या पाच वर्षांच्या मुलासही येते. परंतु त्या मुलाने जे नकळत साधले आहे त्याचा हिशेब मांडू गेले, तर मोठ्या माणसासही थोडे थबकावे लागते. वस्तू केवढी आहे, हे सांगणाऱ्या 'थोडा' या शब्दाला येथे वस्तूच्या आधी उभे राहून तिचे लिंग, तिचे वचन, आणि पर्यायाने तिची अवस्थाही सांगावी लागत आहे.

लेखनात या ठिकाणी एक अडचण उत्पन्न झालेली आहे. जुन्या लेखनपद्धतीत 'थोडें भात' असे अनुस्वारासह लिहीत आणि 'थोडे तांदूळ' अनुस्वारावाचून. म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन हे डोळ्यांस वेगळे दिसत असे. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असले अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तेव्हापासून प्रौढ लेखनात दोन्ही 'थोडे' सारखेच दिसतात. मावळातील बाईच्या बोलण्यात मात्र तो भेद जसाच्या तसा आहे. तिचे भात 'थोडं' असते, तांदूळ 'थोडे' असतात आणि भात 'थोडा' असतो. सोयीसाठी केलेल्या नियमाने अशा ठिकाणी लेखन बोलण्यापेक्षा दरिद्री होते, हे मान्य करणे भाग आहे.

आता परिमाण सांगणारे सगळेच शब्द 'थोडा'सारखे वाकणारे असते, तर विषय येथेच संपला असता. तसे ते नाहीत. इतका, तितका, केवढा, सारा, अर्धा, निम्मा, पुरा, उरलेला हे शब्द वस्तूप्रमाणे रूप पालटतात. उलट पुष्कळ, फार, खूप, कमी, जास्त, किती, काही हे शब्द ताठ उभे राहतात; पुष्कळ भात, पुष्कळ तांदूळ, पुष्कळ साखर यांत 'पुष्कळ'ला काही होत नाही. अशा वेळी वस्तू मोजण्याजोगी समजली आहे की मापण्याजोगी, हे कळावयाचे कशावरून? तर क्रियापदावरून. दुकानदार सांगतो : साखर नाही, पोहे नाहीत, मीठ आहे, शेंगदाणे आहेत. साखरेचा कणही वेगळा करता येतो आणि पोह्याची पाकळीही. परंतु भाषेने साखरेस एक जिन्नस मानले आणि पोह्यांस घोळका मानले. साबुदाणा दाण्यादाण्यांचा असूनही एकवचनी, आणि तांदूळ त्याच्याच आकाराचे असून अनेकवचनी, याला भाषेच्या लहरीवाचून दुसरे कारण देता येणार नाही. त्यातही गंमत अशी की वाणाविषयी बोलावयाचे झाले म्हणजे तांदूळही एकवचनात येतो. वडगाव मावळच्या भात-संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेला इंद्रायणी तांदूळ चिकट 'असतो' आणि सुवासिक 'असतो'. पण तोच पातेल्यात घेतला की निवडावयाचे 'असतात' आणि धुवावयाचे 'असतात'. शिजल्यावर घोळक्याचा पुन्हा एक जिन्नस होतो आणि त्यातील सुटा दाणा दाखवावयाचा झाला, तर त्यास 'शीत' हा स्वतंत्र शब्द लागतो. शितावरून भाताची परीक्षा या म्हणीत गणना आणि परिमाण ही दोन्ही अशी शेजारी शेजारी बसली आहेत.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. या व्याकरणकारांच्या परिश्रमांवर पुढील शालेय पुस्तके उभी राहिली. परंतु शाळेत जे उरले ते एक लहानसे कोष्टक. थोडे, पुष्कळ, काही, सर्व यांस 'अनिश्चित संख्याविशेषण' असे नाव देऊन विद्यार्थी मोकळा होतो. 'थोडी मुले' या प्रयोगात ते नाव शोभते. 'थोडे पाणी' यात संख्या कोठे आहे? पाणी मोजावयाचे नसून मापावयाचे आहे. तेथे 'संख्या' या नावाने विद्यार्थ्याची दिशाभूल होते. आपल्या भाषेची सवय स्वतःस दिसत नाही हेच खरे, आणि अशा वेळी एखाद्या अगदी परक्या भाषेचा आरसा उपयोगी पडतो.

असा आरसा फिनलंडात सापडतो. युरोपच्या उत्तर टोकाला असलेल्या या देशाची भाषा सुमारे पन्नास लाख लोक बोलतात. ती संस्कृत, मराठी, इंग्रजी यांच्या कुळातील नव्हे. एस्टोनियाची भाषा तिची जवळची बहीण आणि हंगेरीची भाषा दूरची नातलग. तेथे भाताचे रोप उगवत नाही, तरी नाताळात दुधात शिजविलेल्या तांदळाची लापशी घरोघर होते. म्हणजे तांदूळ किती, हा प्रश्न फिनिश गृहिणीसही पडतोच. या भाषेत सुमारे पंधरा विभक्ती आहेत आणि त्यांतील एक केवळ अंश दाखविण्यासाठी आहे. तिला अंशविभक्ती म्हणता येईल. पाणी म्हणजे 'वेसि'. त्याची अंशविभक्ती 'वेत्तॅ'. पुष्कळ पाणी, थोडे पाणी, लिटरभर पाणी, काहीही म्हणावयाचे असले, तरी परिमाणाच्या शब्दापुढे 'वेसि' येऊ शकत नाही, 'वेत्तॅ'च यावे लागते. परिमाणाचा शब्द आला की त्याच्यामागून येणारी वस्तू आपण अपुरी आहोत, कशाचा तरी भाग आहोत, हे प्रत्ययाने कबूल करते.

याहून विशेष असे की परिमाणाचा शब्द नसतानाही ही विभक्ती परिमाण सांगते. 'मी वेत्तॅ पितो' म्हणजे थोडेफार पाणी पितो; 'मी वेदेन पितो' म्हणजे समोरचे पाणी सगळे पिऊन टाकतो. जे काम मराठी 'पिऊन टाकणे' अशी क्रियापदांची जोडी करून उरकते, ते फिनिश भाषा नामाच्या शेपटीवर सोपविते. आणि संख्येचीही तीच गत आहे. घर म्हणजे 'तालो'. दोन घरे म्हणावयाची झाली, तर 'काक्सि तालोआ', म्हणजे अक्षरशः 'दोन, घराचा अंश', आणि तोही एकवचनात. 'दोन' या शब्दाने अनेकत्व एकदा सांगून झाल्यावर ते नामावर पुन्हा कशाला लादावयाचे, असा तो न्याय आहे. इतकेच नव्हे तर 'दोन मुलगे येतो' असे क्रियापदही तेथे एकवचनीच चालते.

मराठी श्रोत्यास हे चमत्कारिक वाटेल. परंतु त्याने स्वतःचे बोलणे जरा कान देऊन ऐकावे. 'माळ्यावर चार पायल्या आहेत' असे म्हटले म्हणजे तेथे चार भांडी आहेत. 'खळ्यावर चार पायली भात झाले' असे म्हटले म्हणजे भांडे एकच असू शकेल. ते चार वेळा भरले गेले. मापाचा शब्द माप म्हणून आला की पुष्कळांच्या तोंडी तो एकवचनातच राहतो : दोन वाटी साखर, चार पायली भात, दोन खंडी गूळ. वाटी विसळावयाची झाली, की लगेच 'दोन वाट्या विसळ'. तोळा, चमचा असले आकारान्त शब्द हा नियम पाळीत नाहीत. तोळे आणि चमचे असेच म्हणावे लागते. पण स्त्रीलिंगी ईकारान्त मापांत तो स्पष्ट दिसतो. आणि क्रियापद तर मापाकडे पाहतच नाही. 'चार पायली भात झाले' यात क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी आहे, कारण भात तसे आहे. मापाचा शब्द मध्ये उभा असतो खरा, पण अन्वयात त्याला हात लावीत नाहीत. फिनिश भाषेने जेथे प्रत्यय लावला, तेथे मराठीने दोन नामे नुसती शेजारी बसविली आणि कोणते मोजावयाचे, कोणते मापावयाचे हे ऐकणाऱ्याच्या जाणतेपणावर सोडले.

मात्र मराठीजवळही एक प्रत्ययासारखे साधन आहे. ते म्हणजे 'भर'. शेरभर, पायलीभर, पसाभर, ओंजळभर, मूठभर, चिमूटभर, घोटभर, कणभर, तीळभर. या यादीवर नजर टाकली तर दिसून येईल की मापाची भांडी निर्माण होण्यापूर्वी मनुष्याचा हात हेच माप होते, आणि भाषा ते अजून विसरली नाही. फिनिश भाषेत याच कामी 'ल्लिनेन' हा प्रत्यय येतो : मूठभर म्हणजे 'कोउराल्लिनेन', पेलाभर म्हणजे 'लासिल्लिनेन'. फरक एवढाच की फिनिश मनुष्य 'दोन पेलाभर' असे म्हणू शकतो. मराठीतील 'भर' एकाच भरण्यापुरते असते. दोनाचा आकडा आला की 'भर' गळून पडते आणि दोन शेर, दोन मुठी, दोन ओंजळी असे म्हणावे लागते. शिवाय 'शेरभर' आणि 'एक शेर' यांचा अर्थ एक नव्हे. उसने मागताना 'शेरभर तांदूळ द्या' म्हणतात. वहीत लिहिताना 'तांदूळ १ शेर' असे लिहितात. पहिल्यात शेजारधर्माची सूट आहे, दुसऱ्यात नाही. 'भर' या शब्दाचा दुसरा एक संचार आहे तो गावभर, घरभर, दिवसभर, जन्मभर यांत. तेथे भांडे भरत नाही, भांड्याच्या जागी गाव किंवा दिवस भरतो. लोणावळ्यात पाऊस गावभर पडतो आणि इंचभरही पडतो, पण या दोन 'भर'मध्ये केवढे अंतर आहे हे तेथे छत्री घेऊन उतरलेल्या माणसास सांगावे लागत नाही.

परंतु खळ्यावर हा व्याकरणाचा खेळ राहत नाही. धान्य मापण्याची जुनी परंपरा निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर अशी दुपटीदुपटीने चढत जाई. चार शेरांची पायली, पुष्कळ ठिकाणी बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. मोजणारा पहिली पायली ओतताना 'एक' असे न म्हणता 'लाभ' म्हणे आणि मग दोन, तीन असा पुढे जाई. मोजणीची सुरुवात शुभ शब्दाने व्हावी, एवढाच त्यात हेतू. मापाच्या काठावर धान्याचे जे शिखर उभे राहते त्यास 'शीग' म्हणतात. उत्साह शिगेस पोहोचला, असे आज नाट्यगृहातील प्रेक्षकांविषयी लिहिणाऱ्यांस बहुधा ठाऊकही नसेल की आपण पायलीच्या टोकाविषयी बोलत आहो. या शिगेत गरिबाचे पोट अडकलेले असे. समजा, शीग ही मापाच्या दशांशाइतकी धरली. तर कर्जाऊ धान्य देताना काठाबरोबर माप आणि परत घेताना शिगेचे माप असा व्यवहार झाल्यास दहा पायल्यांमागे एक पायली वाढली, आणि तीही व्याजाच्या बाहेर. वहीत मात्र दोन्हीकडे 'भात १० पायली' एवढेच. परिमाणाचा शब्द खरा, आकडा खरा, आणि तरी हिशेब खोटा. मापाने घ्यावयाच्या वस्तूंत हा घोटाळा जगभर होता. वजनाने घ्यावयाची पद्धत अधिक न्यायाची ठरली ती याच कारणाने.

शेतीच्या वाट्याचे शब्दही याच खळ्यावरचे. जमीन एकाची, कसणारा दुसरा, आणि पिकाचे निम्मे निम्मे झाले तर ती जमीन अर्धेलीने केली. तिसरा हिस्सा ठरला तर तिजाईने. येथे 'अर्धा' आणि 'निम्मा' यांतील एक बारीक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. एक अखंड वस्तू मधोमध केली की 'अर्धा' शोभतो : अर्धी भाकरी, अर्धा नारळ. अनेकांच्या समुदायातून किंवा राशीतून हिस्सा काढला की 'निम्मा' : निम्मी रास, निम्मे गाव, निम्मी माणसे. 'अर्धी माणसे आली' असे हल्ली सर्रास ऐकू येते, पण जुन्या कानाला त्यात माणसे कापल्याचा भास होतो. तात्पर्य काय, तर कुळाचा वाटा 'निम्मा' होता. अर्धेल हे नाव कराराचे, आणि निम्मी ही रास.

अपूर्णांकांच्या नावांत तर मराठीची आणि फिनिशची एक अशी गाठ पडते की कोणासही आश्चर्य वाटावे. एक आणि अर्धा यांस मराठीत 'दीड' म्हणतात. त्यात एकही नाही आणि अर्धाही दिसत नाही. संस्कृत 'द्व्यर्ध', प्राकृत 'दिवड्ढ', त्यापासून 'दीड'. अर्थ असा की ज्यातील दुसरा अर्धाच आहे ते. 'अडीच' हे 'अर्धतृतीय' यापासून : ज्यातील तिसरा अर्धा आहे ते. 'औट' म्हणजे साडेतीन. ते 'अर्धचतुर्थ' यापासून. औट घटकेचे राज्य म्हणतात त्यातील औट हाच. आता फिनिश भाषेत दीडास काय म्हणतात? 'पुओलितोइस्ता'. 'पुओलि' म्हणजे अर्धा, 'तोइस्ता' म्हणजे दुसऱ्याचा : दुसऱ्याचा अर्धा. जुन्या फिनिशमध्ये अडीचासाठी 'पुओलिकोल्मात्ता' असा शब्द होता. अर्थ, तिसऱ्याचा अर्धा. इंद्रायणीचा काठ आणि बाल्टिक समुद्राचा किनारा यांच्या भाषांत नाते नाही, उसनवारीचा संबंध नाही. तरी मोजणाऱ्या माणसाची नजर एकच. पहिले माप पूर्ण भरले, दुसरे भरता भरता रास संपली. दुसरे अर्धेच भरले. त्या क्षणी माणसाच्या मनात 'एक अधिक अर्धा' अशी बेरीज नसते, 'दुसरे अर्धे' एवढेच असते. जर्मनांतही दीडासाठी असाच शब्द आहे. साडेतीनच्या पुढे मात्र मराठीने ही रीत सोडली आणि 'सार्ध' म्हणजे अर्ध्यासहित यापासून आलेले 'साडे' हाती घेतले. म्हणूनच साडेएक आणि साडेदोन हे शब्द कानाला खटकतात. त्या जागा आधीच भरलेल्या होत्या. सव्वा हे 'सपाद', पाऊण हे 'पादोन'. म्हणजे पावाने अधिक आणि पावाने उणे. या शब्दांच्या बळावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी अशी कोष्टके मुले घोकीत असत. पाच औट म्हणजे साडेसतरा, हे उत्तर वाण्याच्या पोरास कागदाशिवाय देता येई. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते तोवर या पाठांतराला बाजारात रोख किंमत होती.

मग १९५७ सालचा १ एप्रिल उजाडला. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणि योगायोग असा की तेव्हाच्या मुंबई राज्यात, ज्यात मावळ होते, नेमका तोच दिवस कूळकायद्याने कृषकदिन म्हणून ठरविलेला होता. कूळकायदा मूळ १९४८ चा. १९५६ सालच्या दुरुस्तीने असे ठरले की कायद्यात सांगितलेल्या अपवादांखेरीज कुळे या दिवशी आपण कसत असलेल्या जमिनीचे खरेदीदार मानली जावीत. एकाच दिवशी पावकीखालचा आधार गेला आणि अर्धेलीखालचाही. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पहिलीबद्दल म्हाताऱ्या पंतोजीस हळहळ वाटली असेल. दुसरीबद्दल हळहळ वाटणारे वेगळे आणि आनंद मानणारे त्यांहून पुष्कळ. पुढील वर्षी, १ ऑक्टोबर १९५८ पासून, किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला आणि शेर, मण, खंडी ही सरकारी कागदांतून निघाली. भाषेतील जुन्या मापांविषयी गळा काढणाऱ्यांनी शिगेची पायली आठवावी. त्या मापांबरोबर एक अन्यायही गेला आहे.

तथापि शब्द कायद्याच्या तारखांनी मरत नाहीत. भाजीवालीकडे आजही पावशेर मिरची मागतात आणि ती २५० ग्रॅम तोलून देते. ऐंशी तोळ्यांचा जुना शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. म्हणजे शब्द तोच ठेवून वजन थोडे वाढले आणि कोणाची तक्रार आली नाही. लोणावळ्याच्या बाजारपेठेत चिक्की पाव किलो, अर्धा किलो, दीड किलो अशीच मागितली जाते. शून्य दशांश पाच किलो असे कोणी म्हणत नाही. घड्याळात पावणेदोन वाजतात, भाडे अडीचशे होते, आजोबांचे वय पाऊणशेच्या घरात जाते. अंदाजासाठी दहाएक, शंभरएक, दोनचार, पाचपन्नास हे शब्दही शाबूत आहेत. फिनिश भाषेत 'शंभरएक' यासाठी 'साताकुन्ता' असा शब्द असून त्याच नावाचा एक प्रांतही तेथे आहे. मावळ्यांच्या मुलखास त्याचे नवल वाटू नये. अंदर, नाणे, पवन इत्यादी खोऱ्यांचा हा प्रदेश 'बारा मावळ' याच नावाने इतिहासात वावरला, आणि कोकणात सहासष्ट गावांची साष्टी झाली. संख्या एकदा गावाचे नाव होऊन बसली म्हणजे गावे वाढोत की घटोत, तिला कोणी हलवीत नाही.

संख्येची ही थोरवी मावळात तशी जुनीच. कार्ल्याच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याच्या दानाचा जो लेख आहे, त्यात करजिक नावाचे गाव भिक्षूंच्या चरितार्थासाठी दिल्याची नोंद असून दात्याचे वर्णन तीन लाख गाई देणारा असे केलेले आहे. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीच्या त्या प्राकृतात ते 'तीन-गाई-शतसहस्र' अशा क्रमाने येते : संख्या दोहोंकडे आणि गाय मध्ये कोंडलेली. तीन लाख गाई खरोखर कोणी मोजल्या असतील असे समजण्याचे कारण नाही. दानपत्रात परिमाणाचा शब्द पुष्कळदा परिमाणासाठी नसतोच, वैभवासाठी असतो.

एक शब्द राहिला, आणि तो सोडणे अन्यायाचे होईल. 'कितवा'. मुलगा वर्गात कितवा आला, ही कितवी पायली, असे मराठी मनुष्य सहज विचारतो. इंग्रजीत या प्रश्नासाठी एक शब्द नाही. वाक्य वळवून वळवून घ्यावे लागते. फिनिश भाषेत आहे, 'मोनेस' : 'मोनि' म्हणजे अनेक, त्याचे क्रमवाचक रूप. खळ्यावर मोजणाऱ्याचे बोलण्यात लक्ष गेले आणि मोजणी चुकली, की हाच एक शब्द सगळ्यांच्या तोंडी येई. कितवी झाली, यावर दोन बाजू असत आणि कधी कधी रास पुन्हा मापावी लागे.

मावळातील पुष्कळ घरांत आता भात पोत्यांत भरून काट्यावर चढते आणि पायली माळ्यावर असते. ती खाली येते लग्नाच्या दिवशी. नवी सून घरात पाऊल टाकते तेव्हा उंबरठ्यावर धान्याचे माप ठेवलेले असते आणि ती ते पायाने हळूच लवंडते. तांदूळ आत पसरतात. माप शेराचे होते की पायलीचे, त्यात तांदूळ किती होते, हे कोणी विचारीत नाही. ते भरलेले असावे, एवढेच घरातील वडीलधारी बाई आधी पाहून घेते.